न धुतलेली करंगळी

"मी बसलेय की ओ बाई. हात बसंनात, त्याला मी काय करू?"

हे ती मला दर भेटीला ऐकवायची. आणि खरंच बसलेली असायची. बालवाडीतल्या वीतभर उंचीच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकतील अशी. फक्त हात चालू. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर फिरत राहायची, मध्ये काहीही नसताना. न दिसणारं पान, न दिसणारा तंबाखू, न दिसणारी विडी. ती वळून झाली की नखानं तिचं तोंड दुमडायची आणि दुसरी घ्यायची. सोलापुरात राहिला असाल तर अशी बोटं तुम्ही पाहिली असतीलच. दुपारी पूर्व भागातल्या गल्लीतून चालत जा, दर उंबऱ्यावर एक सूप आणि सुपामागे एक बाई. तिथं ते हात चालताना आपल्याला काही वाटत नाही. सूप काढून घेतलं आणि हात तसेच चालू राहिले, की बघवत नाही.

मला तेव्हा बघवत होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि बी.ए. झाले होते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती दोन-चार वर्षं. शुक्रवार पेठेत एका महिला मंडळाची बालवाडी होती. एक लांबट खोली, पुढे अंगण, अंगणात पिंपळ. मी तिथं शिकवत असे, म्हणजे पोरांची नाकं पुसत असे. नवराबायकोचं फाटलं आणि मूल एकाकडे गेलं, तर दुसऱ्यानं ते भेटायचं कुठं, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात, तारखेला आलेल्या माणसांच्या गर्दीत, बाकाच्या कडेला टेकून लोक आपली मुलं बघून घ्यायचे. आमच्या अध्यक्षबाईंना ते पाहवलं नाही. त्यांनी जज्जसाहेबांना कळवून टाकलं, की रविवारी आमची खोली रिकामीच असते, ती घ्या; फी नको, काही नको; आमची एक कार्यकर्ती तिथं बसेल आणि काय घडलं ते वहीत लिहील.

ती कार्यकर्ती मी.

मला वाटलं, मला जज्जच केलं. पहिल्याच आठवड्यात मी पुठ्ठ्यावर हिरव्या शाईनं बारा नियम लिहिले. वेळ चार ते पाच. खाऊ आणू नये. मुलाला उंबऱ्याबाहेर नेऊ नये. कुजबुजू नये. मोठ्यानं बोलू नये. या दोहोंच्या मधलं नेमकं कसं बोलायचं, ते मी लोकांना करून दाखवत असे. माझी नात अजून ती नक्कल करायला लावते आणि हसून हसून लोळते. नववा नियम तर असा होता, की कार्यकर्तीला समजेल अशाच भाषेत बोलावे. पुठ्ठा मी इतका उंच टांगला, की स्टुलावर चढल्याशिवाय मलाही वाचता येईना.

ती विडीवाली बाई पहिल्या रविवारी आली तीच साडेतीनला. पुठ्ठ्याकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. तुमीच सांगा की."

मी स्टुलावर चढले. बाराही नियम वाचले. दर नियमाला ती "बरं" म्हणाली. बारा वेळा बरं. मग विचारलं, "पोरीला मांडीवर घ्यायचं, ते कितव्यात हाय?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्याबद्दल नियम नाही."

"मंग घेते."

मी स्टुलावरून उतरले. पण शहाणपण त्या दिवशी आलं नाही. त्याला वेळ होता.

ती घरी विड्या वळून कारखान्यात पोचवायची. नवरा पॉवरलूमवर. त्यानं तिला टाकलं की तिनं त्याला सोडलं, यावर दोन्ही वकिलांचं शेवटपर्यंत जमलं नाही. कोर्टानं पाहिलं ते एवढंच, की बापाचं घर पक्कं आहे, घरात आजी आहे. आणि आईची एकच खोली, पत्र्याची, तीत तंबाखू. मुलगी बापाकडे गेली. आईला महिन्यातून दोन रविवार मिळाले, तेही एका अटीवर: मुलीला विडीच्या कामाला लावायचं नाही. तसं दिसलं तर भेट बंद. ही अट मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं उतरवून ठेवली होती. शाई वापरायला मला नुसतं निमित्त लागायचं.

गल्लीतल्या बायका तिला अक्का म्हणायच्या. मी तिला 'अर्जदार' म्हणत असे. तोंडावर. "अर्जदार, इकडे बसा." ती इकडेतिकडे बघायची, आणखी कोण आलंय म्हणून.

मुलगी पद्मा. सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिला घेऊन यायची तिची आजी, म्हणजे अक्काची सासू. घरात सगळी तेलुगू बोलणारी माणसं. आजीला पद्मा अव्वा म्हणायची, आईला अम्मा. पण खोलीत शिरल्यावर माझा नववा नियम. मग आपल्याच पोटच्या पोरीला ती बाई माझ्यासाठी मराठीत विचारायची, "जेवलीस का? काय खाल्लीस?" आणि पोरगी शाळेतल्या उत्तरासारखं सांगायची, "भात खाल्ला." मी वहीत लिहायची: संभाषण समाधानकारक.

खोली फुकट मिळते यावर अक्काचा विश्वास बसत नसे. "कोर्टात कागदाला बी घेत्यात. हितं कायच कसं घेत न्हाईत?" म्हणून ती अर्धा तास आधी येऊन अंगण झाडायची, खोली झाडायची, खुर्च्या भिंतीला ओळीनं लावायची. मला ती लाच वाटली. मी अध्यक्षबाईंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "मग तू झाड." तेव्हापासून मी तो विषय काढला नाही.

अव्वा बाहेर पिंपळाच्या पारावर बसायची. एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली. "ओ बाई, तुमी वहीत काय लिवता? हितनं घरला गेली की पोरीच्या अंगाला तंबाखूचा वास येतोय. माझा ल्योक चिडतोय की." हे सांगताना तिच्या तळहातावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री होती आणि एक बोट दातावर फिरत होतं. मला ते दिसलं का? नाही. मला तक्रार दिसली. मी पुठ्ठा उतरवला आणि तेरावा नियम घातला: हात स्वच्छ धुऊन यावे.

पुढच्या भेटीला अक्का आली ती हात पुढे करूनच. चिंचेनं घासलेले, राखेनं घासलेले, साबणानं घासलेले. बोटांची टोकं लाल झाली होती. "हुंगा की."

आणि मी हुंगले, बरं का. दहाही बोटं. मिठाई तपासावी तशी.

पद्मा आली, मांडीवर चढली आणि सवयीनं आईचा तळहात ओढून नाकाशी नेला. थांबली. हात उलटा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "अम्मा, वास गेला." उतरली आणि ठोकळ्यांकडे गेली. उरलेला तास ती ठोकळेच रचत होती. अक्काची बोटं त्या दिवशी इतक्या जोरात चालली, की मी दोनदा सांगितलं, "अर्जदार, शांत बसा."

त्यानंतरच्या भेटीत मात्र पद्मा आली, तेव्हा अक्कानं फक्त करंगळी पुढे केली. पोरगी ती नाकाशी धरून मांडीवर बसली ती उठलीच नाही. मला वाटलं, मायलेकींचा काही खेळ असेल. वहीत लिहिलं: हात स्वच्छ.

आता खरी गोष्ट सांगते. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

चैत्र होता. पिंपळाला तांबूस कोवळी पानं आली होती. मी टेबलाशी बसून वही वाचत होते, असं बाहेरून दिसत होतं. वहीच्या आत मासिक होतं आणि मासिकातला नायक बोटीवरून उतरून थेट नायिकेच्या दारात आला होता. त्याला दारात उभा करून मी सहज मान वर केली, तर खोलीच्या टोकाला दोन डोकी एकमेकांना लागलेली. आईच्या हातात पिंपळाचं पान, पोरीच्या हातात पान. आईचा अंगठा फिरत होता, पोरीचा अंगठा फिरत होता. पान गोल गोल वळत चाललं होतं.

मी धावले. दोन्ही वळकट्या काढून घेतल्या, लिफाफ्यात घातल्या आणि त्यावर सही केली.

"बाई, विडी न्हाई ओ ती," अक्का म्हणाली. "वाजती ती. तोंडाला लावून तर बघा की."

"मी? तोंडाला लावू?" माझं सगळं घराणं माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन उभं राहिलं. "खुलासा असेल तो लेखी द्या."

जिला बारा नियम मी वाचून दाखवले होते, तिला मी हे सांगितलं. पद्मा रडत होती. मी वहीत लिहिलं, आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: आई मुलीस विडी वळण्यास शिकवीत असल्याचे प्रत्यक्ष पाहिले.

भेटी थांबल्या. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. पुढची तारीख पावसाळ्यातली. तेव्हा कायमचं काय ते ठरणार होतं.

पुढच्या ठरल्या रविवारी साडेतीनला अंगणात झाडू वाजला. मी बाहेर आले. "आज भेट नाही."

"ठाव हाय."

"मग?"

"घरात बसवंना. तुमची जागा झाडते."

झाडून झाल्यावर ती आत आली. चार ते पाच खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरली. पाच वाजता गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी वहीत लिहिल्या असत्या. त्यानंतरच्या पाळीला तेच. खोलीची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे मलाही बसावं लागे. उन्हानं तापलेलं छप्पर, पंखा नाही, ती फिरते आहे आणि मी बघते आहे. नायकासाठी मासिकाच्या पुढच्या अंकात दार उघडलं होतं, पण माझं तिकडे लक्ष लागेना. एकदा खाली पाहिलं, तर माझाच अंगठा माझ्याच बोटांवर फिरत होता.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "ते करंगळीचं काय होतं?"

ती चालता चालताच म्हणाली, "तुमी सांगितलं, हात धुवा. धुतलं. पोरगी मला वळखंना. मंग हिकडची नऊ बोटं तुमच्या नियमाला, ही एक तिला." थोडी पुढे गेली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आता दीड महिना झाला. इसरंल की ओ ती."

मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि बराच वेळ पाणी प्याले.

जूनमध्ये बालवाडी उघडली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत अंगणातून आवाज आला. पीं. मग दुसरा, मग पंधरा-वीस. बाहेर येऊन पाहते तर सगळं अंगण पिंपळाची पानं वळून तोंडाला लावून उभं. एका चिमुरडीनं पिपाणी माझ्या हातात दिली. "बाई, ह्ये टोक दाबायचं आन् वाजवायचं. तुमाला येत न्हाई?"

मी कपाटातून लिफाफा काढला. वाळलेल्या वळकट्या निघाल्या. आत तंबाखूचा कण नाही. विडीला कमरेला दोरा बांधतात; इथं दोरा नाही. टोक चपटं दाबलेलं. जन्मापासून मी सोलापुरात होते. या गावातली मांजरंसुद्धा विडी ओळखतात. पण माझं बालपण पहिला नंबर काढण्यात गेलं होतं.

अध्यक्षबाईंकडे गेले. रडले, हे लपवत नाही. त्यांनी वही उघडून ते सुरेख अक्षर पाहिलं. "तू लिहिलंस ना? मग तूच जाऊन पूस."

तारखेला मी कोर्टात उभी राहिले. जज्जसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही तर लिहिलंय, विडी वळताना प्रत्यक्ष पाहिलं."

"साहेब, मी पान पाहिलं. विडी माझ्या डोक्यात होती."

"म्हणजे?"

मी लिफाफा उघडला. वळकट्यांचा भुगा झाला होता. म्हणून येताना तोडलेलं ताजं पान पर्समधून काढलं आणि वळायला लागले. ते उलगडलं. पुन्हा वळलं, पुन्हा उलगडलं. समोरचा वकील शेजाऱ्याला कोपरानं ढोसत होता. माझे कान तापले. तेवढ्यात मागून एक हात आला, पान माझ्याकडून घेतलं, अंगठा एकदा फिरला आणि पिपाणी माझ्या हातात आली. शिपाई अक्काला मागं ओढेपर्यंत काम झालं होतं.

मी ती तोंडाला लावली. भर कोर्टात वाजवली.

पीं.

 मग मागच्या बाकावरून हसू आलं, दातांच्या फटीतून निघणारं, न थांबणारं. अव्वा होती. शेजारी तिचा मुलगा तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. जज्जसाहेबांनी विचारलं, "आजी, ही काय आहे?"

"पिपाणी की ओ सायेब. आमी बी लई वाजवलीय." मग मुलाकडे वळून, "डोळं काय काढतोस? पिपाणीला पिपाणीच म्हणायचं का न्हाई?"

भेटी परत सुरू झाल्या. पहिल्या रविवारी पद्मा दारातच थांबली. अक्का खुर्चीवरून उठली नाही, बोलावलं नाही. फक्त करंगळी पुढे केली. पोरगी चार पावलं आली, थांबली, मग उरलेलं अंतर पळत आली. मी बाहेर गेले आणि परत आले तेव्हा पुठ्ठा उतरवून ठेवला. त्या दिवसापासून त्या दोघी तेलुगूत बोलू लागल्या आणि मला एक अक्षर कळेनासं झालं. वहीत मी लिहू लागले: भेट झाली. बस. त्याहून खरं मी त्या वहीत कधी काही लिहिलं नव्हतं.

तिला अक्का म्हणायलाही मी त्याच दिवशी सुरुवात केली. तिनं सहज ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "मंग ती दुसरी कोण, अर्जदार का कोण, ती येत न्हाई आता?"

तीन वर्षं भेटी चालल्या. पद्मा नऊ वर्षांची झाली, मांडीत मावेना, तरी बसायची; बाहेर लोंबणारे पाय आणि हातात ती करंगळी. मग तिच्या बापाला भिवंडीच्या लूमवर काम लागलं. सगळं घर निघालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईनं तिकडे जाऊन भेटावं, असं कागदावर आलं. भिवंडी किती लांब आहे आणि विड्या टाकून तिथं कसं जायचं, हे कागदावर येत नाही.

शेवटच्या भेटीला अक्का आली, तिचे हात धुतलेले नव्हते. एकही बोट नाही. काखेत मांडीवरचं फडकं होतं, सुपाखाली पसरायचं, तंबाखूनं पिवळं झालेलं. तास कसा गेला ते मी सांगणार नाही, कारण मी पाराकडे तोंड करून बसले होते. पाच वाजता तिनं फडक्याची चार बोटं रुंदीची घडी केली आणि पद्माच्या शाळेच्या पिशवीत तळाशी घातली. नेमकी तेव्हाच अव्वा न्यायला दारात आली. तिनं पाहिलं. मीही पाहिलं. आणि मला वाटलं, आता पुन्हा सगळं सुरू होणार.

अव्वानं पिशवी घेतली, उघडून हुंगली आणि बंद केली. कमरेची मिश्रीची डबी काढून ती पण पिशवीत टाकली. "घरात कुणी इचारलं तर माझ्या डबीचा वास हाय म्हणून सांगते. इतकी वर्सं लावते, कोण इचारतंय मला?" मग सुनेकडे न बघता म्हणाली, "ते धुवू देत न्हाई मी."

आजी आणि नात गेल्या. अंगण ओलांडून, बोळातून, वळणावरून.

अक्का त्या वीतभर खुर्चीवर बसली होती. मी जवळ गेले आणि भ्याले. हात मांडीवर पडले होते, पालथे, आणि ते चालत नव्हते. तीन वर्षांत जे हात बसवण्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते बसले होते. अंगठा बोटांपासून सुटा, बोटं एकमेकींपासून सुटी.

 नियम तर उरले नव्हते. मी बाहेर गेले, पिंपळाचं एक पान तोडलं आणि आणून तिच्या मांडीत ठेवलं. खाली जमिनीवर बसले आणि बघत राहिले.

बऱ्याच वेळानं अंगठा हलला.

पान वळून झालं, टोक दाबून झालं. वाजवली मात्र तिनं नाही. पदराच्या टोकाला बांधली, खुर्ची उचलून भिंतीशी ओळीत लावली आणि गेली.

पुढच्या पाळीच्या रविवारी साडेतीनपर्यंत मी वाट पाहिली. मग अंगण मी झाडलं.